अनोळखी मुलाच्या मापाचं शिवताना

वाचकांचे प्रश्न, शिवणकामातल्या जाणकारांची उत्तरं

घरातल्या मुलांचे कपडे शिवता शिवता एखाद्या लहान दुकानासाठी शिवायला लागलेल्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. शिलाईवर बहुतेकांचा हात बसलेला आहे. अडतं ते पुढे. आपल्या पोराच्या अंगावर फ्रॉक चढवून बघता येतो. दुकानातला फ्रॉक कोणाच्या अंगावर जाणार आणि कसा धुतला जाणार, हे शिवणाऱ्याला कधीच कळत नाही. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: दुकानात दिलेल्या आठ फ्रॉकांपैकी तीन परत आले. पहिल्याच धुण्यात उंची कमी झाली आणि अस्तर खालून डोकावायला लागलं. कापड तर चांगल्या प्रतीचं सुती होतं. मग असं का झालं?

कापड चांगलं असलं तरी आटतं. विणताना उभे धागे ताणून धरलेले असतात. पाणी लागलं की ते सैल होऊन आपल्या मूळ लांबीवर येतात. म्हणून बहुतेक सुती कापडं पन्ह्यापेक्षा, म्हणजे रुंदीपेक्षा, उभ्या बाजूला जास्त आटतात. तुमचं अस्तर पॉलिएस्टरचं असणार. ते जवळजवळ आटत नाही, त्यामुळे वरचं कापड वर सरकलं आणि अस्तर जागच्या जागी राहिलं. फ्रॉकच्या शिवणीही बारीक सुरकुतल्या असतील, तर त्याचं कारणही हेच: कापड आटलं, पॉलिएस्टरचा दोरा आटला नाही.

नवीन ठाण आणलं की आधी चाचणी करा. साधारण ६० सेंमीचा चौकोनी तुकडा कापा आणि त्यात ५० सेंमीचा चौकोन धावदोऱ्याने आखा. पेनाची खूण धुण्यात जाते, दोऱ्याची राहते. उभी बाजू कोणती, तेही दोऱ्यानेच नोंदवा. ग्राहक जसं धुईल तसं धुवा. म्हणजे आपल्या हातच्या हळुवार धुण्यापेक्षा थोडं कठोरच. वाळल्यावर इस्त्री करून मोजा. उभी बाजू ४८ सेंमी भरली तर कापड ४ टक्के आटलं. ५६ सेंमी उंचीचा फ्रॉक त्या हिशेबाने सव्वादोन सेंमी आखूड होतो. लहान मुलाच्या कपड्यात जवळजवळ अर्ध्या मापाचा फरक झाला हा.

थोडे नग करायचे असतील तर सगळं कापड आधीच भिजवून घेणं उत्तम. कापलेल्या दोन्ही टोकांना झिगझॅग मारा, नाहीतर धागे सुटून गुंता होतो. कोमट ते गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवा, पिळू नका, उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं ताणणारं कापड, मात्र दोनदा धुवा आणि सपाट पसरून वाळवा. दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने लांबते आणि ती लांबी खोटी असते.

काहीजण कापड न धुता मापातच आटण्याची भर घालतात. ५६ ऐवजी ५८.३ सेंमी बेततात. उंचीपुरतं ते चालतं. पण गळ्याची पट्टी, अस्तर, लेस, फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवायचं आतलं कापड) हे प्रत्येक आपापल्या परीने आटतं, त्यामुळे गळा ओढला जातो तो जातोच. अस्तर सुती घ्या, तेही भिजवून घ्या आणि शिवल्यावर वरच्या कापडापेक्षा २ सेंमी आखूड ठेवा.

प्रश्न: “३ वर्षं” असं लिहून दिलेले कपडे कोणाला घट्ट, कोणाला ढगळ होतात. माझ्या मुलीच्या मापावरून सगळे आकार काढते. वयाप्रमाणे मापांचा काही पक्का कोष्टक आहे का?

वयाचा आकडा सोडून द्या, उंचीचा धरा. एकाच वयाच्या दोन मुलांच्या उंचीत बोटभर नव्हे, वीतभरही फरक असू शकतो. युरोपातले लहान मुलांचे आकार म्हणूनच उंचीवर असतात: ९२, ९८, १०४, ११०, ११६, म्हणजे दर ६ सेंमीला एक आकार. ढोबळमानाने ९२ हा दोन वर्षांच्या मुलाचा, ९८ तीन, १०४ चार, ११० पाच आणि ११६ सहा वर्षांच्या मुलाचा. लेबलवर उंची ठळक लिहा आणि वय त्याखाली बारीक अक्षरात.

आता मापं. ९२ ला छाती ५३ सेंमीच्या आसपास असते आणि ११६ ला ५९-६०. उंची २४ सेंमी वाढली तरी छाती वाढते ६-७ सेंमी. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. आपल्या मुलीचा पॅटर्न घेऊन चारही बाजूंनी सारखा वाढवला की मोठ्या आकारात फ्रॉक गोणपाटासारखा होतो. एका आकाराला छातीचा घेर दीड-पावणेदोन सेंमी वाढवा, म्हणजे दुमडलेल्या पुढच्या भागावर जेमतेम ४ मिलिमीटर आणि मागच्यावर तेवढेच. फ्रॉकची उंची मात्र ३ ते ४ सेंमी वाढवा. खांदा प्रत्येक आकाराला ३-४ मिलिमीटरच सरकतो. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खोल करायचा मोह आवरा. मुंढा जास्त खाली गेला की हात वर केल्यावर अख्खा फ्रॉक वर चढतो, आणि मुलांचे हात बराच वेळ वरच असतात.

साध्या, न ताणणाऱ्या कापडाच्या फ्रॉकला अंगाच्या छातीपेक्षा ८ ते १० सेंमी सैलपणा ठेवा. तीन-साडेतीन वर्षांपर्यंत पोट पुढे असतं आणि कंबर जवळजवळ छातीएवढीच असते, म्हणून कमरेत आकार देऊ नका, डार्ट (आकारासाठी आत घेतलेली निमुळती चूण) तर नाहीच. चड्डीची मागची बाजू पुढच्यापेक्षा ३-४ सेंमी उंच बेता. आत डायपर असेल तर तेवढं लागतंच, नाहीतर बसलं की मागून कंबर उघडी पडते.

मग डोकं. मोठ्यांच्या कपड्यावरून आलेल्यांना हे सुचत नाही, पण लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं. घेर एका वर्षाला सुमारे ४६ सेंमी, दोनला ४८, तीनला ४९-५०, पाचला ५१. गळा ३२ सेंमी आणि डोकं ५० असेल तर मागे चीर हवीच. हिशेब सोपा आहे: डोक्याच्या घेरात २ मिळवा, गळा वजा करा, २ ने भागा. ५२ वजा ३२ म्हणजे २०, त्याचे निम्मे १० सेंमी. ही किमान चीर झाली. प्रत्यक्षात ११-१२ ठेवा. गळ्याचं माप शिवून झाल्यावरचं घ्या. कागदावरचा गळा, शिवणीची माया (शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) आत गेल्यावर, वेगळाच होतो.

वाढीला वाव ठेवायचा तर सरळ घेराच्या फ्रॉकला ५-६ सेंमीची दुमड द्या. गोल किंवा कळीदार घेराला ती बसत नाही, कारण खालची कड वरच्यापेक्षा लांब असते आणि दुमडली की चुण्या पडतात. तिथे दीड-दोन सेंमीवर थांबा. आतून चूण घालून ठेवली तरी चालते. २ सेंमी खोलीची एक चूण सोडली की ४ सेंमी उंची मिळते. ही टीप लांब टाक्याची मारा, म्हणजे आईला घरी सहज उसवता येईल.

प्रश्न: फ्रॉकच्या घेराला चुण्या एकसारख्या येत नाहीत, आणि कापडही फार वाया जातं. दुप्पट कापड घ्यावंच लागतं का?

आधी वाया जाण्याबद्दल, कारण पैसा तिथे जातो. समजा योकची, म्हणजे घेराच्या वरच्या छातीच्या भागाची, खालची कड ६४ सेंमी आहे. दुप्पट चुण्यांसाठी १२८ अधिक शिवणींची माया ४, म्हणजे १३२ सेंमी कापड लागेल. ठाणाचा पन्हा ११० असेल तर ६६-६६ चे दोन भाग शेजारी बसत नाहीत. एकाखाली एक कापावे लागतात आणि प्रत्येकाशेजारी ४४ सेंमीची पट्टी उरते. त्याऐवजी ५५-५५ चे दोन भाग घ्या. माया वजा जाता १०६ राहतात, म्हणजे १.६५ पट. साध्या सुती कापडात एवढ्या चुण्या भरगच्चच दिसतात आणि फ्रॉकमागे घेराची एक अख्खी उंची वाचते. अडीच पट फक्त मलमल, व्हॉइल अशा विरळ कापडाला द्यावी. जाड कापडाला दीड पट पुरे.

सारख्या चुण्यांसाठी टाका ४ मिलिमीटर करा, वरचं टेन्शन थोडं सैल करा आणि दोन ओळी मारा: एक काठापासून ०.७ सेंमीवर, दुसरी १.३ वर. घेर आणि योक दोन्हींचे चार-चार समान भाग करून खुणा जुळवा. दोन्ही ओळींचे बॉबिनचे दोरे एकदम ओढा. पक्की टीप १ सेंमीवर, म्हणजे बरोबर दोन ओळींच्या मधून मारा, चुण्यांची बाजू वर ठेवून. चुण्या खाली ठेवल्या की मशीनचे दाते त्या एका बाजूला लोटतात. एकच ओळ मारून काम उरकणाऱ्यांच्या चुण्या टीप मारताना फिरतात. असमानपणाचं कारण बहुधा तेवढंच असतं.

प्रश्न: लाल कापडाला पांढरी कॉलर लावली तर रंग लागेल का, हे आधी कसं ओळखावं? मिठाच्या पाण्यात भिजवलं तर रंग पक्का होतो ना?

होत नाही. मीठ रंगवण्याच्या वेळी उपयोगी पडतं. रंगून आलेल्या सुती कापडाचा सुटा रंग मीठ किंवा व्हिनेगर पक्का करत नाही. लाल तुकड्यावर पांढरा सुती तुकडा शिवा, कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, हलकं दाबून पाणी काढा आणि दोन्ही एकमेकांना चिकटलेले राहतील असे दुमडून वाळवा. पांढऱ्यावर गुलाबी छटा आली तर त्या दोघांची जोडी जमवू नका. गडद लाल, गडद निळा आणि काळा यांवर ही चाचणी न चुकता करावी.

प्रश्न: होजिअरीचे टी-शर्ट शिवते. टाके सुटतात, शिवण लाटांसारखी होते आणि गळ्याची टीप घालताना कट्‌कन तुटते. ओव्हरलॉक (कडा गुंफून शिवणारं) मशीन घेतल्याशिवाय हे काम करूच नये का?

साध्या झिगझॅग मशीनवर होतं. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

टाके सुटतात ते सुईमुळे. साध्या टोकदार सुईला होजिअरीचे फासे भोसकावे लागतात. कापड सुईबरोबर वर उचललं जातं, दोऱ्याचा फासा नीट तयार होत नाही आणि हुकाला तो पकडता येत नाही. बॉलपॉइंट सुई फाशांच्या मधून वाट काढते. ७५/११ क्रमांकाची घ्या; लायक्रा असलेल्या कापडाला स्ट्रेच सुई. साधी सुई वापरण्याचा दुसरा तोटा धुतल्यावर दिसतो: तुटलेल्या फाशांची शिवणीलगत बारीक भोकं होतात. तासन्‌तास एकच सुई चालवू नका. आठ तासांच्या शिलाईनंतर ती बदलावी.

लाटा येतात त्या कापड ताणल्यामुळे. दाबाचा स्क्रू सैल करून फुटाचा दाब कमी करा, हाताने मागून ओढू नका, आणि तरीही लाटा आल्या तर खाली पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा. कागद नंतर फाडून काढता येतो. थोड्या लाटा वाफेच्या इस्त्रीने बसतात. इस्त्री फिरवू नका, उचलून ठेवत जा.

टीप तुटते, कारण सरळ टीप ताणत नाही आणि कापड ताणतं. झिगझॅगची रुंदी ०.५ ते १ मिलिमीटर आणि लांबी २.५ ठेवा, बाहेरून ती सरळच दिसते. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दोरा ताणाला टिकत नाही. खांद्याच्या शिवणीत मात्र उलट हवं असतं. तिथे कापड लोंबू नये म्हणून अरुंद सुती फीत आत धरून शिवा.

गळ्याच्या रिबचं (उभ्या रेघांच्या ताणणाऱ्या पट्टीचं) माप गळ्याच्या ८०-८५ टक्के, त्याच कापडाची पट्टी असेल तर ९० टक्के. ३६ सेंमी गळ्याला ३० सेंमी रिब आणि जोडाची २ सेंमी माया. रिब कमी ताणली तर गळा पुढे लोंबतो, जास्त ताणली तर आत गोळा होतो. तयार गळा टेपला लावून दोन्ही हातांनी ५२ सेंमीपर्यंत ताणून बघा. दोरा तुटल्याचा आवाज आला तर तो नग दुकानात पाठवू नका.

प्रश्न: एक दुकान म्हणतं, गळ्याला नाडी आणि गोंडे लावा, छान दिसतं. दुसरं म्हणतं, नाडी असेल तर माल घेणार नाही. खरं काय?

दुसऱ्याचं ऐका. गळ्याची किंवा टोपीची नाडी घसरगुंडीत, पाळण्याच्या कठड्यात, दारात अडकते आणि गळफास बसतो. मुलं यात दगावलेली आहेत. युरोपच्या ईएन १४६८२ या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपी आणि गळ्याच्या भागात नाडी चालतच नाही. अमेरिकेतल्या १९९६ च्या सुरक्षा मार्गदर्शक सूचनांमध्येही टोपी-गळ्याच्या नाडीला मनाई सुचवली आहे. कंबर आणि खालच्या कडेची नाडी कपडा पूर्ण पसरल्यावर बाहेर ३ इंचांपेक्षा जास्त लोंबू नये आणि मधोमध शिवून पक्की केलेली असावी, असं त्यात आहे. तुम्ही कुठेही विकत असा, हे नियम आपल्यापुरते पाळावेत. नाडीची शोभा हवी असेल तर तयार बो शिवून चारही बाजूंनी टाचा. मागे बांधायचा पट्टा फ्रॉकच्या खालच्या कडेच्या वरच संपला पाहिजे.

गोंडे, मणी, टिकल्या तीन वर्षांखालच्या मुलांना नकोतच. बटणं लावायची तर चार भोकांची. दुहेरी दोरा प्रत्येक जोडीतून चार वेळा, बटणाच्या देठाला तीन वेढे आणि मागे गाठ. बटणाखाली कापडाच्या आत फ्यूजिंगचा तुकडा असू द्या, नाहीतर दोरा टिकतो आणि कापड फाटतं. साखळी टाक्याने बटण लावणारं मशीन असेल तर सावध राहा. त्यात एक टोक ओढलं की सगळा टाका उसवत जातो, आणि टोकं ओढण्यात मुलांचा हात धरणारं कोणी नाही.

बटणाची मजबुती घरी तपासता येते. खेळण्यांच्या ईएन ७१-१ या युरोपीय मानकात ६ मिलिमीटरपेक्षा मोठा सुटू शकणारा भाग ९० न्यूटन, म्हणजे साधारण ९ किलोच्या ओढीला टिकावा लागतो. बटणाखालून मजबूत दोरीचा फास घाला, सामान तोलायच्या हातकाट्याला अडकवा, हळूहळू ९ किलोपर्यंत ओढा आणि १० सेकंद धरा. दर खेपेतला एक नग असा तपासा आणि तो विकू नका, त्याचे दोरे ताणलेले असतात. टिचबटणांनाही हेच लागू. होजिअरीवर आतून आधार न देता मारलेलं टिचबटण कापडासकट निघून येतं.

तान्ह्या मुलांच्या पायमोज्यांची किंवा बंद पायांची शिवण आतून बघा. सुटा दोरा पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं आणि मूल का रडतंय ते कळतही नाही. हे कपडे उलटे करून, हात फिरवून, दोरे मुळाशी कापायचे.

सुई तुटली तर सगळे तुकडे सापडेपर्यंत तो कपडा बाजूला ठेवा. कपड्यांच्या कारखान्यांत तुटलेल्या सुईचे तुकडे नोंदवहीत चिकटवून ठेवायची पद्धत आहे. घरात ती आणायला काही हरकत नाही.

प्रश्न: घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. एकटीच असते. मशीनवर बसलं की तो येतो, कापायला घेतलं की कापडावर झोपतो. दिवसाला एक फ्रॉकही पुरा होत नाही. काम बंद करावं असं वाटतं.

एक फ्रॉक सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिवायचा, हा बेत अशा घरात जमणारच नाही. काम फ्रॉकांप्रमाणे न वाटता पायऱ्यांप्रमाणे वाटा.

कापणं या कामात व्यत्यय चालत नाही. तिथे चूक झाली तर पुढे सुधारता येत नाही. त्यासाठी मूल झोपलेलं असेल किंवा दुसरं मोठं माणूस घरात असेल तो वेळ राखून ठेवा, आणि त्या वेळात दुसरं काही करू नका. एका बैठकीत सहा नग कापा. कात्रीने एका वेळी चार थर, बारीक कापड असेल तर सहा. त्याहून जास्त घेतले की खालचा थर वरच्यापेक्षा लहान निघतो. पुढचा-मागचा भाग एकाच थरातला ठेवा आणि प्रत्येक नगाची चळत दोऱ्याने बांधा, म्हणजे रंगछटांची अदलाबदल होत नाही.

सरळ शिवणी ही मधेच सोडता येणारी कामं. सहाही फ्रॉकांचे खांदे एकापाठोपाठ, दोरा न तोडता मारत जा. माळेसारखे निघाले की मग कापा. मग सगळ्यांचे बगलेचे जोड. उठायची वेळ आली तर सुई कापडात खाली ठेवा आणि पिशवीत चिठ्ठी टाका: “योक झाले, बाह्या बाकी, डावी-उजवी बघणे.” पुन्हा बसल्यावर कुठे होतो ते आठवण्यात जे पाच-सात मिनिटं जातात, दिवसभरात त्यांचा तास होतो. दोरा आणि भरलेल्या तीन बॉबिन त्याच पिशवीत.

बाही बसवणं, काज करणं, कॉलर ही मधली कामं. पंधरा-वीस मिनिटं सलग मिळाली तरच हातात घ्या. मूल जागं असताना सुईचं हातकाम मुळीच नको. दोरे कापणं, घडी, लेबलं मोजणं एवढंच ठेवा.

सुरक्षेबाबत चार गोष्टी. टाचण्या मोजून घ्या: डबीत वीस असतील तर काम संपल्यावर वीसच. टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक मोठा आणि एकसंध असावा. मण्यांएवढे छोटे चुंबक घरात नकोत. दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना खेचून ते आतडं चिमटीत धरतात. इस्त्री बंद केल्यावरही बराच वेळ चटका देण्याइतकी गरम असते, म्हणून ती उंचावर आणि वायर वर गुंडाळलेली. आणि पायाचं पेडल: खुर्चीतून उठताना मशीनचा प्लग काढायचाच, दारावरची घंटा वाजली तरी आधी प्लग.

दिवसाला एक फ्रॉक हे माप मनातून काढा. आठवड्याला सहा नगांची एक खेप निघत असेल तर दुकानाला तेवढंच कबूल करा, आणि तारीख देताना मूल आजारी पडेल असे दोन दिवस धरून द्या. ते पडतंच.

प्रश्न: सासूबाई आणि नवरा मदत करायला तयार आहेत, पण त्यांचं काम मला पुन्हा उसवावं लागतं. सांगायला संकोच वाटतो. शिवाय नात्यातल्या बायका “आमच्या बाळालाही एक शिव ना” म्हणतात.

मदत मागताना “बटणं लावून द्या” एवढंच सांगितलं तर प्रत्येकजण आपल्या सवयीने लावणार. एक पुरा केलेला नग समोर ठेवा आणि तो नमुना म्हणून कायम तिथेच राहू द्या. “तुमचं चुकलं” म्हणण्यापेक्षा “नमुन्याशी ताडून बघू या” म्हणणं घरात सोपं जातं. पहिले दोन नग त्यांनी केल्यावर लगेच बघा. बारा झाल्यावर बघितलं तर दोघांचीही चिडचिड. दृष्टी कमी झालेल्या माणसाला गडद कापडावरचं काम देऊ नका. शेवटची तपासणी मात्र शिवणाऱ्याने करू नये, आपल्या हातची चूक आपल्याला दिसत नाही. ती नवऱ्याला द्या: गळा टेपने, दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून, खिसे उलटे करून, दोरे. शिवण न येणारा माणूस हे उत्तम करतो.

मदत नियमित होऊ लागली की तिची मिनिटंही वहीत लिहा. घरच्यांना पैसे द्यायचे की नाहीत ते तुम्ही ठरवा, पण लिहिलं नाही तर फ्रॉकची खरी किंमत तुम्हाला कधीच कळणार नाही.

नात्यातल्यांना नाही म्हणायची गरज नाही, खेपेची तारीख सांगा: “पुढची खेप अमुक आठवड्यात कापणार आहे, तेव्हा त्यात एक घालते, कापड आधी आणून द्या.” निम्म्या मागण्या कापड आणून देण्यापाशीच थांबतात.

प्रश्न: दुकानदार विक्रीच्या ४० टक्के ठेवतो. मी माझ्या खर्चावर ४० टक्के चढवून किंमत सांगते, तरी हातात काही उरत नाही.

हिशेबच उलटा झाला आहे. तुमचा सगळा खर्च १०० धरा. त्यावर ४० चढवून किंमत १४० लावली. दुकानाने १४० चे ४० टक्के, म्हणजे ५६ घेतले. तुमच्या हातात ८४ आले. प्रत्येक फ्रॉकमागे १६ चा तोटा. दुकानाचा वाटा विक्रीच्या किमतीवर असतो, म्हणून खर्चाला ०.६ ने भागायचं: १०० भागिले ०.६ म्हणजे सुमारे १६७.

आणि तो १०० तरी पुरा धरला आहे का? बहुतेकजणी कापड, दोरा, बटणं आणि मशीनवर बसलेला वेळ एवढंच मोजतात. एका साध्या फ्रॉकचा वेळ असा पडू शकतो: कापणं १२ मिनिटं, फ्यूजिंग आणि इस्त्री ८, शिलाई ५५, काज-बटणं १५, दोरे, तपासणी, शेवटची इस्त्री आणि घडी १२. एकूण १०२. यातली शिलाई जेमतेम निम्मी आहे. शिवाय कापड आणणं, धुणं, दुकानाशी बोलणं, माल पोचवणं. त्यासाठी आणखी पाव हिस्सा धरा, म्हणजे १२७ मिनिटांपर्यंत जातं. ही मिनिटं तुम्ही तासाला जो दर ठरवाल त्याने गुणा. किंमत फार वाटत असेल तर दर कापू नका, फ्रॉक सोपा करा: काज-बटणांऐवजी इलॅस्टिकचा गळा, अस्तराऐवजी उरेप (तिरकी कापलेली) पट्टी, आणि चुण्यांचा तो पन्ह्याचा हिशेब.

विकल्यावर पैसे, अशा बोलीवर माल ठेवत असाल तर चार ओळी लिहून घ्या: पैसे कोणत्या तारखेला, न विकलेला माल किती दिवसांनी परत, दुकानात मळला किंवा फाटला तर भरपाई कोणाची, आणि सवलतीत विकला तर सूट कोणाच्या वाट्यातून. शेवटच्या ओळीवरून सर्वात जास्त भांडणं होतात.

प्रश्न: लेबल मानेला लावलं तर मुलांना टोचतं. कुठे लावावं, आणि त्यावर काय लिहावं?

डाव्या बगलेच्या शिवणीत, खालच्या कडेपासून ८-१० सेंमीवर. मऊ सुती फितीचं घ्या. सॅटिनचं लेबल घेतलं तर त्याची उष्णतेने कापलेली कड शिवणीच्या आत गेली पाहिजे, कारण टोचते ती कडच. उंचीचा आकार, कापडात काय किती टक्के आहे, कसं धुवायचं आणि इस्त्री किती गरम, एवढं लिहा. मागच्या बाजूला खेपेचा क्रमांक घाला. एखादा नग परत आला तर तो कोणत्या ठाणाचा होता हे त्यावरून कळतं आणि त्या खेपेतले उरलेले नग वेळेत दुकानातून काढून घेता येतात.